लुगड्याला टाळ्या, सुकटीला नाकं

ताई,
मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सहावीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात ४८ मुलं आहेत. मागच्या महिन्यात शाळेत 'विविधतेत एकता' दिवस झाला. मुलं बंगाली, पंजाबी, राजस्थानी पोशाखात आली. एक मुलगी लुगडं नेसून, डोक्यावर टोपली घेऊन कोळीण झाली होती. तिच्या नाचाला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात माझ्या वर्गातल्या, खरोखरच कोळीवाड्यातून येणाऱ्या एका मुलीनं मधल्या सुट्टीत सुकटीचा डबा उघडला, तर शेजारच्या दोघी नाक मुरडून उठल्या. म्हणे, "आई सांगते, हिच्याजवळ बसून खायचं नाही." दोन दिवसांनी क्रिकेटच्या सामन्यावरून गप्पा चालल्या असताना मागच्या बाकावरून एका मुस्लिम मुलाला "ए पाकिस्तानी" अशी हाक आली. वर्ग हसला. तोही हसला.

मुख्याध्यापिकांनी मला मूल्यशिक्षणाच्या तासाला 'पूर्वग्रह' या विषयावर काहीतरी घ्यायला सांगितलं आहे. अमेरिकेतल्या एका बाईंनी डोळ्यांच्या रंगावरून मुलांचे गट पाडले होते, तो व्हिडिओ मी पाहिला. तसं करून बघावं का? आमचे एक सर म्हणतात, मुलांना जातधर्म काही कळत नाही, आपणच बोलून त्यांच्या डोक्यात भरवतो. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एकानं लिहिलंय, "शाळेत राजकारण नको, अभ्यास शिकवा." कुठून सुरुवात करू?
एक वर्गशिक्षिका

बाई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात: 'तोही हसला.' अकरा वर्षांच्या मुलाला एवढं कळलेलं असतं की चिडलो तर उद्या दहाजण म्हणतील आणि हसलो तर आजच्यापुरता सुटेन. असं हसणं एका दिवसात जमत नाही. ही हाक त्यानं आधीही ऐकलेली आहे, शाळेत नसेल तर गल्लीत. तेव्हा मूल्यशिक्षणाच्या तासाचं नियोजन जरा बाजूला ठेवू आणि आधी उद्याचं बोलू. पुढचा सामना कधीही असेल, मधली सुट्टी तर रोजच आहे.

अशा हाकेला जागच्या जागी उत्तर मिळायला हवं आणि ते दोन वाक्यांच्या वर जाता कामा नये. "या वर्गात कुणीही कुणाला पाकिस्तानी म्हणायचं नाही. सामन्याबद्दल बोलायचंय ना, मग बॉलिंगबद्दल बोला." आवाज चढवायचा नाही, हसून सोडायचंही नाही, आणि लगेच फळ्याकडे वळायचं. तुम्ही दहा मिनिटं राष्ट्रीय एकात्मतेवर बोललात तर ती दहा मिनिटं सगळा वर्ग मान वळवून त्या एका मुलाकडे बघत बसतो. शिक्षा कुणाला झाली मग?

हाक मारणाऱ्याशी तास संपल्यावर एकट्यात बोला. "असं का म्हणालास?" हा प्रश्न फुकट जातो, त्याला "मस्करी केली, बाई" हे उत्तर ठरलेलं आहे. हा शब्द तू कुठे ऐकलास, ते विचारा. तो त्यानं बनवलेला नाही, कुठूनतरी उचललाय, आणि तो कुठून उचलला हे स्वतःच्या तोंडानं सांगताना बरीच मुलं गोंधळतात. तेवढा गोंधळ पहिल्या खेपेला पुरे. ज्याला हाक मारली त्याच्याशीही बोला, पण त्याला वर्गासमोर उभं करू नका. "मी ऐकलं. ते चूक होतं. पुन्हा झालं तर मला सांग, नाही सांगितलंस तरी माझं लक्ष असेल." एवढंच.

आणि कृपा करून पुढच्या आठवड्यात त्याला 'ईदबद्दल चार वाक्यं सांग' म्हणू नका. शिक्षकांचा हेतू चांगला असतो, माझा त्याबद्दल वाद नाही. पण तो मुलगा वर्गात सहावीतला एक मुलगा म्हणून बसायला बघतोय आणि आपण त्याला एका अख्ख्या धर्माच्या वतीनं बोलायला लावतो. बाकीच्या सत्तेचाळीस जणांपैकी कुणाला कधी कुणी म्हणतं का, "तुमच्यात गणपती का बसवतात ते जरा वर्गाला समजावून सांग बघू"?

डब्याचं प्रकरण वेगळं आहे, कारण त्यात दोन गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत. सुकटीचा वास उग्र असतो. ज्याला सवय नाही त्याला तो नकोसा वाटेल, आणि तसं वाटणं हा काही गुन्हा नाही. 'मला हा वास आवडत नाही' म्हणणारी मुलगी स्वतःबद्दल सांगते. 'हिच्याजवळ बसायचं नाही' म्हणणारी मुलगी दुसरीबद्दल निकाल देते. सहावीच्या मुलांना हा फरक चांगला कळतो, फक्त तो त्यांना कुणी सरळ सांगितलेला नसतो. म्हणून वर्गाचा नियम करा: आवडत नाही म्हणायला मुभा आहे, 'शी', 'घाण' म्हणायला आणि डबा उचलून दुसरीकडे जायला मुभा नाही. मधल्या सुट्टीत कोण कुणाजवळ बसणार, हे काही दिवस तुम्हीच ठरवा आणि दर सोमवारी बदला. त्या दोघींच्या आयांशी बोलायची वेळ आलीच तर नियम तेवढा सांगा. 'तुमची मुलगी म्हणाली, आई असं सांगते' हे वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. त्याचे फटके घरी पोरीला बसतात आणि पुढच्या वेळी ती तुमच्यासमोर तोंड उघडत नाही.

शाळेत मासे-मटण सरसकट बंद करा, असा तोडगा कुणीतरी काढेलच. मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांनी हाच तोडगा घर विकताना आणि भाड्यानं देताना काढलेला आपण बघतो. तो मान्य करू नका. तक्रार करणाऱ्याचं समाधान होतं आणि किंमत एकटी कोळीवाड्यातली मुलगी मोजते. मुंबादेवी मूळची कोळ्यांची, तिच्यावरून शहराला नाव पडलं, आणि त्याच शहरातल्या शाळेत कोळ्यांच्या पोरीनं सुकट लपवून खायची!

वेशभूषेचे दिवस मला मुळातच फारसे आवडत नाहीत, हे कबूल करून टाकते. बहुसांस्कृतिक शिक्षणावर ज्यांनी आयुष्यभर काम केलं त्यात जेम्स बँक्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं नाव मोठं आहे. शाळा हा विषय कसकसा हाताळतात याच्या त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खाली सण, पदार्थ, पोशाख आणि थोर व्यक्तींच्या जयंत्या. त्याच्या वरची पायरी म्हणजे अभ्यासक्रम आहे तसाच ठेवून त्याला एखादा जादा धडा चिकटवणं. तिसऱ्या पायरीवर मांडणीच बदलते. एकच घटना किंवा एकच प्रश्न मुलं वेगवेगळ्या माणसांच्या जागी उभं राहून बघायला शिकतात. चौथीवर त्या समजेतून ती काही ठरवतात, काही करतात. आपल्या बहुतेक शाळांनी पहिल्याच पायरीवर सतरंजी अंथरली आहे. तुमच्या कार्यक्रमात प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या त्या एका चित्राला. चित्राला वास नसतो, आडनाव नसतं, ते दुसऱ्या दिवशी तुमच्या बाकावर येऊन बसत नाही. त्यामुळे टाळ्या वाजवणाऱ्या हातांना आणि मुरडलेल्या नाकांना आपल्यात काही विसंगती आहे असं वाटलंच नाही.

आता तो व्हिडिओ. त्या बाईंचं नाव जेन एलिअट. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली आणि दुसऱ्याच दिवशी आयोवा राज्यातल्या राइसव्हिल नावाच्या लहानशा गावात, तिसरीच्या वर्गावर त्यांनी तो प्रयोग केला. आधी एका रंगाच्या डोळ्यांची मुलं श्रेष्ठ ठरवली, मग उलट केलं. कालपर्यंत गळ्यात गळा घालणारी मुलं काही तासांत एकमेकांना टोचून बोलायला लागली आणि 'कमी' ठरलेल्यांचं अभ्यासातही चित्त लागेना. बघताना अंगावर काटा येतो, हे खरं. तरीही माझं उत्तर आहे: करू नका.

राइसव्हिलच्या त्या वर्गात सगळी मुलं गोरी होती. ज्या अन्यायाची चव ती घेत होती तो त्यांच्या वाट्याला एरवी येणारच नव्हता. बाईंनी डाव उलटवला की तोही संपायचा. तुमच्या वर्गात ज्यांना ही चव आधीच माहीत आहे अशी मुलं बसलेली आहेत. त्या मुलीला आणि त्या मुलाला 'कमी लेखलं की कसं वाटतं' हे तुम्ही शिकवणार? आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी डाव उलटवायचा कुणी? शिवाय मुलांना अंधारात ठेवून, पालकांना न विचारता त्यांचा मुद्दाम अपमान करणं या मुद्द्यावर त्या प्रयोगावर टीका होत आलेली आहे. आपल्याकडे तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांच्या मानसिक छळाला मनाईच करतं. एखादा पालक तक्रार घेऊन आला तर मुख्याध्यापिकांना तुमची बाजू घेणं जड जाईल.

तुमच्या सरांचं म्हणणं मी खूप शाळांमधून ऐकलंय. १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पती-पत्नीनं तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सारख्याच, फरक फक्त रंगाचा. छान बाहुली कुठली, असं विचारल्यावर बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवलं. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या तेव्हा निकालात क्लार्क यांच्या कामाचा दाखला आहे. तीन वर्षांच्या मुलांची ही गोष्ट, तुमची तर अकरा वर्षांची. सरांना म्हणावं, इतक्या लांबही जायला नको. वर्गात नवा मुलगा आला की पहिल्या सुट्टीत त्याला काय विचारतात ते कान देऊन ऐका: आडनाव काय, गाव कुठलं, डब्यात काय आणलंयस. या तीन प्रश्नांतून मुलं नेमकं काय हुडकत असतात, ते त्यांना शाळेनं शिकवलेलं नाही. आपण गप्प बसलो की मुलं तो विषय सोडून देत नाहीत. बाईंसमोर तो काढायचा नाही, एवढं मात्र शिकतात.

मग वेगवेगळ्या घरांतली मुलं एका वर्गात बसली की आपोआप प्रश्न सुटतो का? तसं असतं तर मुंबईची लोकल हे जगातलं सगळ्यात निकोप ठिकाण झालं असतं. वर्षानुवर्षं एकाच डब्यात खांद्याला खांदा लावून जाणारी माणसं 'या लोकांमुळेच गर्दी झालीय' म्हणत त्याच डब्यातून उतरतात. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की नुसत्या सहवासानं पूर्वग्रह जात नाही, कधी वाढतोसुद्धा. सहवासात दोघांची पायरी सारखी हवी, काम दोघांना मिळून गाठायचं असावं, ते एकमेकांच्या मदतीशिवाय गाठता येऊ नये, आणि वरच्या माणसाचा, म्हणजे तुमच्या बाबतीत शाळेचा, त्याला उघड पाठिंबा हवा.

आपल्या मातीतल्या माणसांनी हे कुठल्याही पुस्तकाविना केलेलं आहे. भाऊराव पाटील कोल्हापूरला जैन वसतिगृहात राहून शिकत होते. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले म्हणून परतल्यावर आंघोळ करण्याची सक्ती झाली. ती त्यांनी मानली नाही आणि वसतिगृह सुटलं. याच माणसानं १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं एकच वसतिगृह सुरू केलं. तिथे समतेवर व्याख्यान ऐकून मुलं झोपायला जात नव्हती. ती एकत्र राबत होती आणि एका पंगतीत जेवत होती. शिजवलं नाही तर सगळेच उपाशी.

अलीकडचा दाखला दिल्लीचा आहे. तिथल्या अनेक नामांकित खाजगी शाळांना २००७ पासून गरीब घरांतल्या मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञानं त्याचा सुखवस्तू मुलांवर काय परिणाम झाला ते तपासलं; त्यांचा शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब मुलांबरोबर शिकलेली सुखवस्तू मुलं जास्त उदार वागत होती आणि रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला कमी डावलत होती. अभ्यासात त्यांचं म्हणावं असं नुकसान झालेलं नव्हतं. तुमच्या उपयोगाची गोष्ट पुढेच आहे. काही शाळांमध्ये अभ्यासगट नावाच्या आद्याक्षरावरून पाडलेले होते, त्यामुळे कुणी कुणाशी बसायचं हे मुलांच्या आवडीनिवडीवर राहिलं नाही, आणि जिथे असं गटात बसून एकत्र काम झालं तिथे फरक पडलेला दिसला. तुम्हीही गट आद्याक्षरावरून पाडा. मात्र पहिल्या नावाच्या आद्याक्षरावरून. आडनावानुसार पाडलेत तर अर्धी जात गटातच येऊन बसते.

या गटांना काम कसं द्यायचं, त्यासाठी एक पद्धत सुचवते. १९७१ साली टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मुलांच्या शाळा एकत्र झाल्या आणि वर्गावर्गांत हाणामाऱ्या सुरू झाल्या. इलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाला बोलावलं गेलं. त्यानं वर्गात बसून पाहिलं तर भांडणाचं इंधन त्याला शिकवण्याच्या पद्धतीतच दिसलं: बाई प्रश्न विचारणार, ज्याला येतं तो हात वर करून 'मी, मी' करणार, एकाचं चुकलं की दुसऱ्याला संधी. मग त्यानं धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा, दुसऱ्या कुणाकडे तो नाही, आणि परीक्षा मात्र अख्ख्या धड्यावर. एका गटात कार्लोस नावाचा मेक्सिकन मुलगा आपला भाग सांगताना अडखळायला लागला, बाकीचे खिदळायला लागले. देखरेख करणाऱ्या बाईंनी त्यांना रागावलं नाही. एवढंच सांगितलं की थोड्या वेळानं चाचणी आहे आणि कार्लोसला जे माहीत आहे ते तुम्हाला दुसरीकडून मिळणार नाही. काही दिवसांत तीच मुलं त्याला नीट प्रश्न विचारायला शिकली, आणि नीट विचारल्यावर त्याला बोलता येऊ लागलं.

सहावीच्या वर्गासाठी मी विषय घेतला असता पाण्याचा. हा भूगोल आहे, विज्ञान आहे, इतिहास आणि नागरिकशास्त्रही आहे, आणि 'आज आपण पूर्वग्रहावर बोलू या' असं म्हणायची वेळच येत नाही. तुमच्या ४८ मुलांचे सहा-सहाचे आठ गट होतात. विषयाचे सहा तुकडे करा.

पहिला तुकडा तलावांचा. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. त्यातले विहार आणि तुळशी तेवढे मुंबईत, बाकीचे पाच शहराबाहेर दूर. दुसरा तुकडा पाण्याच्या प्रवासाचा: भांडुपचं शुद्धीकरण केंद्र, डोंगरांवरचे जलाशय, मलबार हिलच्या फिरोजशहा मेहता उद्यानाखाली दडलेली टाकी. या दोन तुकड्यांत माहिती भरपूर आहे, मुलांना आकडे जमवायला आवडतात, त्याबद्दल जास्त सांगत नाही.

तिसरा तुकडा तलावाकाठच्या गावांचा. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. आपल्या नळाचं पाणी जिथून निघतं तिथली बाई हंडा घेऊन टँकरची वाट बघते, हे मुंबईच्या मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. चौथा तुकडा आपापल्या घराचा: पाणी किती वाजता येतं, किती वेळ, साठवायचं कशात. सोसायटी, चाळ आणि वस्ती यांची उत्तरं शेजारी शेजारी मांडली की मुलं स्वतःच बोलू लागतात. इथे एक निकाल सांगा. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं की राहती झोपडी अनधिकृत आहे एवढ्यावरून माणसाला पाणी नाकारता येत नाही. पाचवा तुकडा कामाचा: घरात पाणी भरतं कोण, हंडा उचलतं कोण, वस्तीतली गटारं साफ करतं कोण. यात मुलगे गप्प होतात आणि मुली बोलतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

सहावा तुकडा इतिहासाचा. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ मध्ये विधिमंडळातल्या सी. के. बोले यांच्या ठरावानं मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले. पुढल्या वर्षी महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं. साताऱ्याच्या शाळेत लहान असताना शिपायानं वरून ओतलं तरच त्यांना पाणी मिळायचं, शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलं राहायचं, आणि बसायला गोणपाट घरून न्यावं लागायचं. हेही मुलांना सांगा. 'जवळ बसायचं नाही' हे वाक्य कुठून चालत आलंय, ते वर्गातल्या काही जणांच्या तेव्हा लक्षात येईल. तुम्ही बोट दाखवायला जाऊ नका. त्या दोघींकडे तर बघूसुद्धा नका.

कुणीतरी विचारेल, "बाई, हे अजून होतं का?" उत्तर खरं द्या. घटनेच्या कलम १७ नं अस्पृश्यता संपवली, पाळणं हा गुन्हा आहे, आणि तरीही काही ठिकाणी ती पाळली जाते. अकरा वर्षांच्या मुलाला एवढं ऐकून धक्का बसत नाही, मोठ्यांनी लपवलं तर मात्र बसतो.

तुकडे वाटताना एक पथ्य पाळा. महाडचा तुकडा दलित मुलाच्या हातात, गटार सफाईचा वस्तीतल्या मुलाच्या हातात असं होऊ देऊ नका. कोळीवाड्यातल्या मुलीकडे भांडुपचं केंद्र येऊ दे, "ए पाकिस्तानी" म्हणणाऱ्याकडे महाड. चिठ्ठ्या टाका, पण आधी त्यांच्यावर नजर फिरवून ठेवा. एवढी लबाडी शिक्षकाला माफ आहे. एका तासात एकाच तुकड्याची आठही मुलं एकत्र बसून तयारी करतील, म्हणजे अडखळणारं मूल रिकाम्या हातानं गटात परतणार नाही. मग दोन तास आपापल्या गटात शिकवणं आणि शेवटी प्रत्येकानं एकट्यानं लिहायची चाचणी, सहाही तुकड्यांवर. बाक जमिनीत रोवलेले असतील तर पुढच्या बाकावरच्यांनी उलटं वळून बसायचं. वर्गात गोंगाट होईल, शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन बघतील. येऊ देत.

एकदा करून थांबलात तर फारसं काही हाती लागणार नाही, हे आताच सांगते. सहामाहीपर्यंत असे तीन-चार विषय तरी व्हायला हवेत, दर वेळी गट बदलून. दिवाळीनंतर जमलं तर एक पाऊल पुढे टाका. महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते, त्यामुळे तुमच्या आसपास एखादी उर्दू किंवा हिंदी माध्यमाची शाळा नक्की असेल. त्यांच्या सहावीबरोबर एखादा विषय वाटून घ्या, अर्धे तुकडे त्यांच्याकडे, अर्धे तुमच्याकडे. नुसतं भेटायला जाऊ नका, हार-तुरे आणि समूहगीत तर अजिबात नको.

मुख्याध्यापिकांकडे मूल्यशिक्षणाचा तास मागण्याऐवजी विज्ञान, भूगोल आणि इतिहासाचे तास जोडून मागा. मूल्यशिक्षणाच्या तासाला गुण नसतात, त्यामुळे मुलंही तो गुण नसल्यासारखाच घेतात.

राहिले पालक. 'राजकारण नको, अभ्यास शिकवा' हे म्हणणं उडवून लावू नका, कारण तुम्ही अभ्यासच शिकवणार आहात. व्हॉट्सअॅपवर वाद घालायचा नाही. एकच निरोप टाका: "सहावीत या महिन्यात मुंबईच्या पाणीपुरवठ्यावर गटप्रकल्प आहे. चाचणी होईल, गुण मिळतील. वर्गात कुणालाही जात, धर्म, भाषा किंवा जेवणावरून चिडवायचं नाही, हा वर्गाचा नियम आहे." कुणी उलट विचारलंच, तर संविधानाची उद्देशिका पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली असते, अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांशी सुसंगत हवा असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं, आणि सर्वधर्मसहिष्णुता हे मूल्य महाराष्ट्राच्या मूल्यशिक्षणाच्या यादीत कितीतरी वर्षांपासून आहे. हे सगळं तोंडपाठ असू द्या, पण पहिल्याच फटक्यात काढू नका. ज्यांना बोलायचंच आहे त्यांना शनिवारी शाळेत बोलवा, मुलांच्या चाचणीचे पेपर समोर ठेवा आणि मुख्याध्यापिकांना शेजारी बसवून घ्या.